कॅमकॉर्डरच्या खोक्यावरचा 'लक्स' नेमका आला कुठून

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पहाटे काळवीट शूट करायचे असोत की सोलापुरातल्या होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेतलं दारूकाम, स्वस्तातला कॅमकॉर्डर, म्हणजे हातातला व्हिडिओ कॅमेरा, घेणारा माणूस आधी खोक्यावरचा लक्स, म्हणजे किती कमी उजेडात चालेल तो आकडा, बघतो आणि तिथंच फसतो.

मोठ्या व्हीएचएस कॅसेटच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता, लग्नात हॅलोजन धरायला एक पोरगा वेगळाच असायचा. खरा घोळ मिनीडीव्ही या छोट्या डिजिटल टेपपासनं, म्हणजे १९९५ नंतरचा. लक्स हे पडणाऱ्या उजेडाचं माप. मेणबत्तीपासून एक मीटरवर साधारण १ लक्स, पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास. माप सरळ आहे हो, पण 'किमान ५ लक्स' म्हणताना चित्र कितपत बरं दिसायला पाहिजे हे ठरवणार कोण? अमेरिकेतल्या उत्पादकांच्या एका संघटनेनं मोजायची पद्धत घालून दिली होती, ती सगळ्यांनी पाळली नाही. शटर म्हणजे एका चित्रासाठी उजेड आत घ्यायचा वेळ; कुणी नेहमीच्या १/५० सेकंदाच्या शटरला मोजायचं, कुणी शटर पार १/६ सेकंदापर्यंत हळू करून, म्हणजे जास्त उजेड गोळा करून मोजायचं आणि आकडा मात्र दोघांचा शेजारी शेजारी छापलेला. उजनीच्या पाण्यावर दिवस मावळताना मी असंच स्लो शटर लावून फ्लेमिंगो घेतले होते, घरी टीव्हीला जोडून बघतो तर पक्षी कुठंच नाहीत, नुसते पांढरे फराटे. अजून वाईट वाटतं त्या टेपचं.

'० लक्स' तर आणखी वेगळी गोष्ट. १९९८ च्या सुमारास एका जपानी कंपनीनं इन्फ्रारेड दिवा दिला, समोरचं दहा-बारा फुटांवरचं हिरवट दिसायचं, त्यापलीकडं काळोख. दिवसा त्यातनं पातळ कपड्यांआडचं दिसतं म्हणून गदारोळ झाला आणि कंपनीला कॅमेऱ्यात बदल करावा लागला.

पण सगळ्यात जास्त नुकसान केलं ते २००० नंतर सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, बारीक करायच्या निर्णयानं. कंपन्यांचं म्हणणं, लोकांना खिशात मावणारा कॅमेरा आणि लांबचा झूम पाहिजे, आणि ते खोटंही नव्हतं. पण १/६ इंची सेन्सरचं क्षेत्रफळ १/३ इंचीच्या चौथाई, त्यात वर स्टिल फोटोसाठी पिक्सेल वाढवले, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला उजेड कमी आणि संध्याकाळी चित्रात दाणेच दाणे. इंच हा शब्दपण जुन्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या ट्यूबच्या जाडीवरनं आलाय, १ इंची सेन्सरचा कर्ण जेमतेम १६ मिलीमीटर भरतो.

२००९ ला घरगुती कॅमकॉर्डरमध्ये मागच्या बाजूनं उजेड घेणारे सेन्सर आले, वायरिंग खाली गेलं, उजेड सरळ आत, आणि कमी प्रकाशात पहिल्यांदा खरा फरक पडला. नंतर मोबाइल आले आणि स्वस्त कॅमकॉर्डरचा बाजारच आटला, म्हणून आता कमी पैशात बघायचं तर २००९ नंतरचे सेकंडहँड. घेताना सेन्सरचा आकार विचारा आणि लेन्सवरचे दोन आकडे वाचा, पहिला बिनझूमचा, दुसरा पूर्ण झूमचा, आकडा मोठा तितका उजेड कमी; एफ/१.८ ते ३.४ असेल तर पूर्ण झूमला उजेड साडेतीनपट कमी होतो, आणि काळवीट काही जवळ येऊन उभं राहत नाही.