नागपूरची छोटी लाइन: पार्श्वभूमी

मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली, पण नागपूरला रूळ पोचायला १८६७ उजाडलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने भुसावळहून बडनेरा, वर्धा असा जो फाटा इकडे आणला, त्याचा डोळा वऱ्हाडच्या कापसावर होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबून इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांची उपासमार नुकतीच होऊन गेली होती. पुढे जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल इथे काढली, त्यालाही कापूस आणि रेल्वे हीच कारणं.

पूर्वेची गोष्ट वेगळी. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर छत्तीसगडचं धान्य बाहेर काढण्यासाठी नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीची लाइन, टाकली गेली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेऊन ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, केली आणि १९०० मध्ये हावड्याशी सरळ जोड मिळाली.

आपल्या भागातल्या जुन्या माणसांच्या आठवणीत मात्र या मोठ्या लाइनी नाहीत, छोटी लाइन आहे. सातपुड्यात मोठे रूळ टाकणं महागडं, म्हणून बंगाल-नागपूर रेल्वेनेच अडीच फुटी अरुंद रुळांचं, म्हणजे नॅरोगेजचं, जाळं विणलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात नागपूरच्या इतवारीहून एक फाटा उमरेडवरून नागभीडला गेला, दुसरा सावनेर, सौंसर करत छिंदवाड्याला. रूळ अरुंद असले की वळणं तीव्र घेता येतात, डोंगर कमी कापावा लागतो आणि पूल लहान लागतात. वेग मात्र कमीच. सौंसरच्या पुढे घाट लागला की वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनला उसंत नसे. भट्टीत कोळसा एकाच जागी ढीग करून चालत नाही, फावड्याने पातळ पसरावा लागतो, नाहीतर वाफेचा दाब उतरतो आणि गाडी चढावर दम टाकते. खिडकीतून डोकावणाऱ्यांच्या डोळ्यात कोळशाचा कण हमखास जायचा.

वाफ गेली, डिझेल आलं. मग लाइन ब्रॉडगेज करण्यासाठी छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली, नागभीडची २०१९ मध्ये. कडबी चौकाजवळच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय आहे. बंगाल-नागपूर रेल्वेचं सीसी वर्गाचं वाफेचं इंजिन तिथे जवळून पाहता येतं, मुलांना घेऊन जरूर जावं. पण ते उभं आहे, थंड आहे. ब्रॉडगेज हवीच होती, गावांची ती जुनी मागणी होती. तरी घाटाचा एखादा तुकडा वाफेच्या इंजिनासकट चालता ठेवायला हवा होता. दार्जिलिंगने तो ठेवला.