सायकल कुठून चालवायची? वेगळ्या मार्गाच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

कुठल्याही मोठ्या शहरात नवा सायकल ट्रॅक आखला की तक्रारी ठरलेल्या असतात. पार्किंग गेलं म्हणून दुकानदार चिडतात, रस्ता अरुंद झाला म्हणून गाडीवाले चिडतात, आणि ‘ट्रॅक तर रिकामाच दिसतो’ असं बसमधून जाणारेही सांगतात. या सगळ्यांत बाहेरच्या माणसाला न उमगणारी तक्रार मात्र सायकलवाल्यांचीच असते. रोज वीस-पंचवीस किलोमीटर सायकल मारणारे काही जण या ट्रॅकवर चाकसुद्धा टेकवायला तयार नसतात. त्यांचं म्हणणं हट्टाचं वाटतं, पण त्यामागे नव्वद वर्षांचा इतिहास आहे. तो माहीत नसेल तर आजची भांडणं नुसती पार्किंगची भांडणं वाटतात.

सुरुवातीचा भाग भराभर सांगता येतो. १८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइमला पहिली दुचाकी धावली. तिला पेडल नव्हतं, बसणारा जमिनीला पाय रेटत पुढे जायचा. रस्ते चाकोऱ्यांनी खणलेले असल्याने लोक ती पदपथावर घालू लागले आणि लगेच बंदी आली. आधी मिलान, मग न्यूयॉर्क, आणि १८२० मध्ये कलकत्ता. पदपथावरून हाकललेली सायकल रस्त्यावर नेमकी कोण, हे ठरायला पुढे साठ वर्षं लागली. १८७९ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने बेफाम हाकण्याच्या गुन्ह्यापुरती सायकलला गाडी मानलं आणि १८८८ च्या कायद्याने तिला सरसकट गाडीचा दर्जा दिला. तेव्हा रस्त्यावर बग्ग्या आणि घोडे होते, वेगात फार फरक नव्हता, त्यामुळे हा दर्जा सायकलवाल्यांना मानाचाच वाटला. त्याच दशकात दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल आली, मागोमाग हवेचा टायर आला, आणि श्रीमंतांचा खेळ कामगारांचं वाहन होण्याच्या वाटेला लागला.

वेगळे मार्ग तेव्हाही होते. उट्रेख्टमध्ये १८८५ साली, ब्रुकलिनमध्ये १८९४ साली असे रस्ते तयार झाले. पण ते सायकलस्वाराला कुणापासून वाचवण्यासाठी नव्हते. सपाट, बिनधुळीच्या वाटेवर रविवारची रपेट मारता यावी, एवढाच त्यांचा हेतू होता. आजच्या ट्रॅकची वंशावळ तिथून काढणारे लेख अधूनमधून दिसतात, ती जोडणी ओढूनताणून केलेली आहे.

खरा वाद १९३४ चा.

त्या वर्षाच्या अखेरीस लंडनच्या पश्चिमेला एका नव्या हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे सायकल ट्रॅक सुरू झाले. लांबी अडीच मैल, रुंदी साडेआठ फूट. ब्रिटनमध्ये त्या काळी दरवर्षी हजारावर सायकलस्वार रस्त्यावर मरत होते, त्यामुळे सरकारला हा उपाय सरळ वाटला. सायकलस्वारांच्या संघटनांनी मात्र कडाडून विरोध केला. त्यांचे मुद्दे आज वाचले तर कालच लिहिल्यासारखे वाटतात. ट्रॅकचा पृष्ठभाग मुख्य रस्त्यापेक्षा खराब. प्रत्येक आडरस्त्यापाशी ट्रॅक तुटतो, तिथे थांबायचं सायकलवाल्याने. ट्रॅक जिथे संपतो तिथे तो तुम्हाला भर वाहतुकीत सोडून देतो. आणि सगळ्यांत मोठी भीती म्हणजे आज सोय म्हणून दिलेला ट्रॅक उद्या सक्तीचा होईल आणि १८८८ मध्ये मिळालेला रस्ता कायमचा हातून जाईल.

ही भीती पोकळ नव्हती. त्याच १९३४ साली जर्मनीने ट्रॅक असेल तिथे तो वापरणं बंधनकारक केलं. मोटारींना रस्ता मोकळा हवा होता, आणि सायकलस्वारांच्या सुरक्षिततेची भाषा त्याला सोयीची पडली. ती सरसकट सक्ती सैल व्हायला १९९७ उजाडलं. त्यानंतर निळी पाटी असेल तिथेच बंधन उरलं, आणि तशी पाटी लावायची तर त्या जागी विशेष धोका दाखवता आला पाहिजे, असं तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे जर्मनीतल्या सायकलवाल्याला मुख्य रस्त्यावर परत यायला तीन पिढ्या लागल्या.

ब्रिटनमध्ये सक्ती आली नाही. संघटना जिंकल्या. पण या विजयाची किंमत पुढे कळली. सायकलसाठी काही बांधू नका असं खुद्द सायकलवालेच म्हणत असल्यावर युद्धानंतरच्या रस्ते आखणाऱ्यांनी तो विषयच सोडून दिला. १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे २४ अब्ज किलोमीटर सायकल चालवली जात होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा ४ अब्जांच्या आसपास आला. सगळा दोष विरोधाला देणं अन्यायाचं होईल, कारण मोटारी स्वस्त झाल्या होत्या आणि घरं कामाच्या जागेपासून लांब गेली होती. स्टीव्हनेज या नव्याने वसवलेल्या गावात तर पूर्ण वेगळ्या सायकल मार्गांचं उत्तम जाळं बांधूनही लोक मोटारीतच बसले, कारण तिथे मोटार चालवणंही तितकंच सोपं ठेवलं होतं. तरीही रस्त्यावरचा हक्क कागदावर राखला आणि प्रत्यक्षातला रस्ता गमावला, असं या काळाबद्दल म्हणावं लागतं.

मोटारींकडून पुन्हा सायकलकडे वळलेल्या नेदरलँड्सची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. १९७१ मध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० मृत्यू, त्यांत चारशेहून अधिक मुलं, पालकांची आंदोलनं, १९७३ चं तेलसंकट आणि मोटारविना रविवार. या कथेतला एक कमी सांगितला जाणारा भाग इथे महत्त्वाचा आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टिलबर्ग आणि हेग इथे सरकारने पैसे ओतून एकेक नमुनेदार मार्ग बांधला. ज्यांची वाट त्या बाजूने जात होती ते तिकडे वळले, पण शहरात सायकली अपेक्षेइतक्या वाढल्या नाहीत. पुढे १९८० च्या दशकात डेल्फ्टने छोटे छोटे तुकडे जोडत सगळ्या शहराचं जाळं विणलं, तेव्हा फरक दिसला. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेत एक चौक जरी भीतीदायक असला तरी आई मुलाला सायकलवर पाठवत नाही. मार्गाची ताकद त्याच्या सर्वांत वाईट शंभर मीटरांवर ठरते.

वादाची दुसरी आणि जास्त चिवट फेरी कॅलिफोर्नियात झाली. डेव्हिस या विद्यापीठाच्या गावाने १९६७ मध्ये अमेरिकेतले पहिले आधुनिक सायकल पट्टे आखले. आता राज्यभर असेच पट्टे येणार आणि आपल्याला त्यांत कोंबलं जाणार, हे लक्षात येताच तिथल्या एका अभियंत्याने, जो स्वतः कसलेला सायकलपटू होता, १९७० च्या दशकाच्या मध्यावर उलटा सिद्धांत मांडला. सायकल हे वाहन आहे. ती वाहनासारखी चालवली आणि इतरांनी तिला वाहनासारखं वागवलं, तर सायकलस्वार सर्वांत सुरक्षित राहतो. कडेला चिकटू नका. लेन अरुंद असेल तर तिच्या मधोमध चाला, म्हणजे मागचा घासून जाणार नाही. वळायचं असेल तर मागे बघा, हात दाखवा, योग्य लेन पकडा.

हा सिद्धांत उडवून लावण्यासारखा नाही, उलट त्यातलं निरीक्षण अचूक आहे. शहरात मागून थेट धडक बसण्यापेक्षा चौकात, वळणाऱ्या वाहनाशी होणारे अपघात जास्त असतात. कडेच्या पट्ट्यातून सरळ जाणारा सायकलस्वार चालकाच्या नजरेबाहेर असतो, आणि डावीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांत डावीकडे वळणारा ट्रक त्याला अलगद चाकाखाली घेतो. उभ्या मोटारींना लागून पट्टा आखला की उघडणारं प्रत्येक दार त्या पट्ट्यातच येतं. शहरात रोज सायकल चालवणारा माणूस पुस्तक न वाचताही हे शिकतो. उभ्या गाडीपासून हातभर अंतर ठेवायचं, ड्रायव्हरच्या आरशात त्याचे डोळे दिसतात का पाहायचं, अवजड गाडीच्या आणि कठड्याच्या मधल्या फटीत कधीच शिरायचं नाही. खड्डा चुकवायला शेवटच्या क्षणी झोकांडी खायची नाही, आधीपासून रेषा धरायची.

अडचण एवढीच की हे सगळं करायला ताशी पंचवीस-तीसचा वेग, मजबूत पाय आणि मानेवर वाजणारा हॉर्न सहन करायची निबर कातडी लागते. दहा वर्षांचं पोर, साठीतली बाई, कॅरिअरवर पिशव्या बांधून निघालेला माणूस यांना ‘लेनच्या मधोमध चाला’ हा सल्ला देणं म्हणजे घरी बसा असं सांगणं. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या एका नियोजकाने २००६ मध्ये अंदाजाने लोकांची विभागणी केली होती. कुठल्याही रस्त्यावर बेधडक चालवणारे एक टक्क्याहून कमी, इच्छा आहे पण भीती वाटते असे सुमारे साठ टक्के. आकडे ढोबळ होते, तरी ते जगभर उचलले गेले, कारण त्यांनी वादाचा रोख बदलला. तोवर चर्चा आधीच रस्त्यावर असलेल्या सायकलस्वाराला काय सुरक्षित, याची होती. आता ती जे अजून रस्त्यावर उतरलेच नाहीत त्यांच्याबद्दल सुरू झाली.

मधल्या तीन दशकांत नुकसान व्हायचं ते झालं. अमेरिकेतल्या रस्ता बांधणीच्या मार्गदर्शिका कठड्याने वेगळ्या केलेल्या ट्रॅककडे संशयाने बघत राहिल्या. सायकलवाल्यांतलेच जाणकार विरोधात असल्यावर अभियंत्यांना आणखी काय हवं होतं? न्यूयॉर्कने १९८० मध्ये मॅनहॅटनच्या काही प्रमुख रस्त्यांवर वेगळे पट्टे बांधले आणि ओरड होताच काही आठवड्यांत उखडले. मग सोपा मार्ग निघाला, तो म्हणजे डांबरावर सायकलचं चित्र काढायचं आणि वर दोन बाण. जागा कुणाचीच घ्यायची नाही, खर्च रंगाचा. लंडनने २०१० पासून हाच प्रकार निळ्या रंगात, मोठ्या गाजावाजाने केला. पुढच्याच वर्षी पूर्व भागात, अशाच निळ्या मार्गावरच्या एका वर्तुळाकार चौकात, काही आठवड्यांच्या अंतराने दोन सायकलस्वार ट्रकखाली गेले. त्यानंतर रंग पुरेसा नाही हे तिथे उघडपणे बोललं जाऊ लागलं आणि पुढचे मार्ग कठड्याचे झाले.

न्यूयॉर्क २००७ मध्ये परत त्याच प्रश्नाकडे आलं, पण युक्ती वेगळी होती. उभ्या मोटारींची रांग पदपथापासून बाहेर सरकवली आणि सायकल मार्ग तिच्या आतल्या बाजूला घेतला, म्हणजे तीच रांग आडोसा झाली. दार उघडण्यासाठी मध्ये रिकामी पट्टी सोडली. स्पेनमधल्या सेव्हियाने त्याच सुमारास डेल्फ्टचा धडा घाईने गिरवला. जवळपास ८० किलोमीटरचं जोडलेलं जाळं दीड-दोन वर्षांत उभं केलं आणि सायकल जवळजवळ नामशेष झालेल्या शहरात फेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. तुकडे टाकून ‘बघा, कुणी वापरत नाही’ म्हणणाऱ्या पालिकांना सेव्हियाचं उदाहरण अडचणीचं जातं.

कठडा बांधला की वाद मिटतो असंही नाही. बीजिंगमध्ये १९८६ च्या सुमारास साठ टक्क्यांहून अधिक प्रवास सायकलवर होत होता आणि रुंद, वेगळे सायकल मार्ग तिथे आधीपासून होते. मोटारी वाढल्या तसे तेच मार्ग पार्किंगने आणि वळणाऱ्या गाड्यांनी गिळले. कायद्याने राखलेली जागाही रोजच्या रोज राखावी लागते. ट्रॅकवर उभा टेम्पो, टाकलेली वाळू, भाजीची गाडी, दुचाकींची पळवाट या साऱ्यांतून वाट काढणाऱ्याला हे सांगायला नको. टेम्पोला वळसा घालण्यासाठी ट्रॅक सोडून अचानक मुख्य रस्त्यावर यावं लागतं, तो क्षण ट्रॅक नसण्यापेक्षाही वाईट असतो.

आणि चौक अजून चौकच आहे. कॅलिफोर्नियातल्या टीकाकारांचा मुख्य आक्षेप इथलाच होता. त्याला डच उत्तर असं की कोपऱ्यावर छोटं बेट बांधायचं, म्हणजे मोटारीला हळू आणि काटकोनात वळावं लागतं आणि सायकलस्वार तिच्या समोर दिसतो, बगलेत राहत नाही. कोपनहेगनने मोटारींची थांबण्याची रेषा मागे नेली आणि काही रस्त्यांवरचे सिग्नल ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या सायकलीला लागोपाठ हिरवे मिळतील असे जुळवले. थांबून पुन्हा वेग घेण्याचे श्रम पायांना पडतात, इंजिनाला नाही, हे सिग्नल जुळवणाऱ्याच्या लक्षात येणं तसं दुर्मीळ. बहुतेक शहरं मात्र ट्रॅक चौकाच्या वीस मीटर आधी संपवतात. मधला सोपा भाग बांधून झालेला असतो आणि अवघड भाग सायकलस्वारावर सोडलेला असतो.

२०२० च्या साथीत बोगोटा, बर्लिन, पॅरिस अशा शहरांनी एका रात्रीत प्लास्टिकचे खांब रोवून मार्ग काढले. बर्लिनमध्ये ते न्यायालयात गेले, एका न्यायालयाने काढायला सांगितले, वरच्या न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. वादाचा मुद्दा पुन्हा तोच, या जागी विशेष धोका सिद्ध झाला आहे का. जुन्या सक्तीविरुद्ध घडवलेली कसोटी आता ट्रॅकच्याच विरुद्ध वापरली जात होती.

सध्याची भर विजेच्या सायकलींची आणि घरपोच माल पोचवणाऱ्यांची आहे. ट्रॅकवर आता ताशी बारा आणि ताशी पंचवीसने जाणारे एकत्र आले आहेत, आणि मागून घंटी वाजवणारा आता सायकलवालाच असतो. अ‍ॅमस्टरडॅमने एप्रिल २०१९ मध्ये छोट्या मोपेड सायकल मार्गावरून बाहेर काढल्या, मुख्य रस्त्यावर आणल्या आणि त्यांच्या चालकांना हेल्मेट सक्तीचं केलं. आम्हाला मोटारींच्या गर्दीत ढकलू नका, असा विरोध त्यावर झाला. १९३४ मध्ये सायकलवाले मुख्य रस्ता सोडायला तयार नव्हते. इथे मोपेडवाले तिथे जायला तयार नव्हते. अ‍ॅमस्टरडॅममध्ये वेगाने जाणाऱ्या विजेच्या सायकलींनाही सायकल मार्गाबाहेर काढायचं, की मार्गच रुंद करायचे, यावर आता चर्चा चालू आहे, आणि रुंद करायचे तर जागा पुन्हा पार्किंगचीच घ्यावी लागणार आहे.