भिंतीपलीकडचं भुंकणं

कुत्र्याच्या आवाजांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. तो गुरगुरतो, केकाटतो, विव्हळतो, कुईकुई करतो. पण ज्या आवाजाने शेजाऱ्यापाजाऱ्यांची झोप उडते त्याला आपण एकच शब्द लावतो, भुंकणं. दाराशी परका माणूस आला तरी भुंकणं, खेळात रंगला तरी भुंकणं, घरात एकटा कोंडला तरी भुंकणं. वैतागलेल्या कानाला हे सगळं सारखंच वाटतं. आमच्या भिंतीपलीकडचा कुत्रा रोज दुपारी सुरू व्हायचा, आणि त्याला शिस्त लावलेली नाही हे त्यामागचं कारण मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. ते साफ चुकीचं निघालं. कसं, ते पुढे सांगते. आधी आपल्या बाजूचं बघू, कारण त्रास खरा असतो आणि त्यामागे खरं विज्ञान आहे.

भुंकणं थांबलं तरी त्रास थांबत नाही, हे ज्याने भोगलंय त्याला वेगळं सांगायला नको. चार वेळा भुंकून कुत्रा गप्प होतो आणि आपण पुढच्या भुंकण्याची वाट बघत बसतो. पंख्याची घरघर तासन्‌तास चालली तरी मेंदू तिच्याकडे पाठ फिरवतो, कारण पुढच्या क्षणी काय ऐकू येणार हे त्याला ठाऊक असतं. भुंकणं अचानक सुरू होतं, एका झटक्यात टिपेला पोचतं आणि पुन्हा कधी येईल याचा नेम नसतो. अशा आवाजाची मेंदूला सवय होणं फार कठीण.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली याच मुद्द्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काही लोकांना कर्कश आवाज अनियमितपणे ऐकवला आणि नंतर न सुटणारी कोडी सोडवायला दिली. नियमित अंतराने आवाज ऐकलेल्यांच्या मानाने या लोकांनी कोड्यांचा नाद लवकर सोडला. मग काहींच्या हाताशी एक बटण दिलं. अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका, असं सांगितलं. बहुतेकांनी ते दाबलं नाही, आवाज तितकाच ऐकला, तरीही ते कोड्यांशी जास्त वेळ झुंजले. आवाज आपल्याला थांबवता येईल एवढ्या जाणिवेनेच फरक पडला. शेजारच्या कुत्र्याच्या बाबतीत आपल्या हाती ते बटणच नसतं. म्हणून ‘एवढं काय मनावर घ्यायचं’ असं कुणी म्हणालं, की आगीत तेल पडतं.

आवाजाची पातळीही काही कमी नसते. २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या चार्ली नावाच्या गोल्डन रिट्रीव्हरच्या भुंकण्याची नोंद ११३.१ डेसिबल झाली, तो जागतिक विक्रम ठरला. आपण मध्यम हिशेब करू. कुत्र्यापासून एक मीटरवर ९० डेसिबल धरले, तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट होईल तसे सहा-सहा डेसिबल कमी होतात. म्हणजे सोळा मीटरवर ६६ उरले. उघड्या खिडकीतून आत येताना आणखी दहा-पंधरा गेले, तरी उशाशी पन्नासच्या वर राहतातच. रात्रीच्या झोपेत एखाददुसऱ्या आवाजाची पातळी खोलीच्या आत ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे. त्यात निरभ्र, शांत रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची ऊबदार असा उलटा थर बसतो. ऊबदार हवेत ध्वनीचा वेग जास्त असल्याने वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दिवसा जाणवत नसलेला चार घरांपलीकडचा कुत्रा रात्री अगदी दाराशी आल्यासारखा वाटतो, तो यामुळे.

आता भिंतीपलीकडे जाऊ.

कुत्र्याचा पूर्वज लांडगा. लांडगेही भुंकतात, पण क्वचित, आणि बहुतेक वेळा धोका जवळ आल्यावर. कुत्र्याने मात्र हा आवाज जगण्याच्या जवळपास प्रत्येक प्रसंगात आणला. असं का झालं यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. कॅथरिन लॉर्ड, मार्क फाइनस्टाइन आणि रेमंड कॉपिंजर यांनी २००९ साली मांडलेली बाजू मला विशेष पटते. त्यांच्या मते भुंकण्याच्या मुळाशी द्विधा अवस्था आहे. पिलं असलेल्या घरट्याजवळ घुबड आलं की छोटे पक्षी त्याच्याभोवती कलकलाट करतात. पळून जाता येत नाही आणि थेट भिडायची हिंमत नाही, अशा वेळी ओरडणं उरतं. कुत्र्याचंही तसंच, असं ते म्हणतात. आता फाटकाला साखळीने बांधलेला कुत्रा डोळ्यांपुढे आणा. समोरून माणूस येतोय. त्याला पुढे जाता येत नाही आणि मागे हटायलाही वाट नाही. ही द्विधा अवस्था आपणच साखळीने त्याच्या गळ्यात बांधून ठेवलेली असते. भुंकणारा कुत्रा चावत नाही या म्हणीवर विसंबून त्याच्याजवळ जाऊ नये, तेही याच कारणाने. दोन टोकांमध्ये अडकलेला प्राणी कोणत्या बाजूला कलेल ते सांगता येत नाही.

पण सगळं भुंकणं एकसारखं नसतं, हे मोजून दाखवलेलं आहे. सोफिया यिन या पशुवैद्य संशोधिकेने कॅलिफोर्नियात दहा कुत्र्यांची ४,६७२ भुंकणी ध्वनिमुद्रित केली. प्रसंग तीन होते: दारावर परक्याने वाजवलेली घंटा, मालकापासून दूर एकटं कोंडलेलं असणं, आणि खेळ. घंटेला दिलेलं उत्तर खालच्या पट्टीतलं, घोगरं, एकसुरी आणि भराभर होतं. एकटेपणातलं आणि खेळातलं भुंकणं वरच्या पट्टीतलं, स्वच्छ सुराचं आणि चढउताराचं होतं. बुडापेस्टमध्ये पेतर पोंग्रात्स आणि अॅडम मिक्लोशी यांच्या गटाने पुढचा प्रश्न विचारला: माणसाला हा फरक नुसत्या कानाने कळतो का? मुदी या हंगेरियन मेंढपाळ जातीच्या कुत्र्यांची भुंकणी लोकांना ऐकवली, तेव्हा ज्यांनी कधी कुत्रा पाळलेला नव्हता त्यांनाही प्रसंग ओळखता आले. अगदी प्रत्येक वेळी नाही, पण निव्वळ अंदाजाने जमेल त्याहून बरेच जास्त. जन्मांध व्यक्तींनाही ते जमलं, म्हणजे भुंकणारा कुत्रा डोळ्यांनी पाहिलेला असण्याचीही गरज नव्हती.

त्याच गटाच्या २०१६ सालच्या अभ्यासाने मात्र मला माझ्या वैतागाकडे नव्याने बघायला लावलं. कोणतं भुंकणं जास्त खुपतं असं लोकांना विचारलं, तर कुत्र्याच्या वाईट मनःस्थितीतून आलेली भुंकणी जास्त त्रासदायक ठरली. आनंदाने भुंकणारा कुत्रा आपण सहन करतो. भेदरलेला किंवा एकटा पडलेला कुत्रा आपल्याला बसू देत नाही. तान्ह्या बाळाचं रडणंही असंच असतं. ते दुर्लक्ष करता येऊ नये असंच असतं. माझा वैताग म्हणजे नुसता चिडचिडेपणा नव्हता. भिंतीपलीकडे काहीतरी बिनसलंय, हे माझ्या कानाने माझ्या आधी ओळखलं होतं.

मग मी एक वही केली. सलग तीन आठवडे तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि आवाज कसा होता ते लिहीत गेले. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास अशाच नोंदींपासून सुरू होतो, आणि ज्याला शेजारच्या कुत्र्याचा त्रास आहे त्या प्रत्येकाने आधी हे करावं असं मी आग्रहाने सांगेन. वहीतून कारण उघडं पडायला लागतं. रस्त्यावर कुणी आलं की एक-दोन मिनिटं जोरात आणि मग शांत, तर कारण खिडकीबाहेर आहे. टपालवाला येतो, कुत्रा भुंकतो, टपालवाला निघून जातो. टपालवाला तसाही जाणारच होता, पण कुत्र्याच्या हिशेबी तो भुंकण्यामुळे गेला. रोज त्याचा विजय होतो, आणि रोज जिंकणारा डाव कुणी सोडत नाही. इथे उपाय अगदी साधा असू शकतो. खिडकीच्या खालच्या भागाला धूसर कागद लावला किंवा फाटकाला आडोसा केला, की दिसणंच बंद होतं. म्हातारा कुत्रा अपरात्री उठून उगाच भिंतीकडे तोंड करून भुंकत असेल, तर ते वार्धक्यातल्या मेंदूच्या आजाराचं किंवा दुखण्याचं लक्षण असू शकतं. तिथे आधी पशुवैद्य हवा.

माझ्या वहीत मात्र वेगळंच दिसलं. सुरुवात दर वेळी शेजारचं दार ओढल्यावर दहा-पंधरा मिनिटांच्या आत व्हायची. सुट्टीच्या दिवशी पान कोरं राहायचं. आवाज वरच्या पट्टीतला, मध्ये मोठे खंड, शेवटी हेल काढलेला. मालक दूर गेल्यावर कुत्र्याला वाटणाऱ्या धास्तीचं हे अगदी नमुनेदार चित्र आहे. हा त्रास असलेले बहुतेक कुत्रे मालक गेल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतात. दार ओरबाडतात, लाळ गाळतात, आवडीचं खाणं समोर असूनही तोंड लावत नाहीत. आणि गंमत बघा, हे सगळं मालकाच्या माघारीच घडत असल्याने ते कधीच न पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे स्वतः मालक. ‘आमचा तर मुळीच भुंकत नाही’ असं शेजारी सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्यांच्यासमोर तो खरोखरच भुंकत नाही.

म्हणून बोलायला जाताना मी तक्रार न नेता वही नेली. ‘तुम्ही गेल्यावर तो फार घाबरतो असं वाटतं’ एवढंच म्हटलं आणि एकदा घरात जुना फोन लावून चित्रीकरण करून बघा असं सुचवलं. दोन दिवसांनी त्यांनी मला ते दाखवलं. चाळीस मिनिटं तो कुत्रा दाराखालच्या फटीला नाक लावून उभा होता. शेजारीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

त्याआधी त्यांनी एक चूक केली होती, जी जवळजवळ सगळेच करतात. कुणीतरी तक्रार केली की संध्याकाळी घरी आल्यावर त्या कुत्र्याला रागवायच्या. तो कान पाडून, नजर चुकवून बसायचा, आणि त्याला चूक कळली असं त्यांना वाटायचं. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली नेमका हा ‘अपराधी चेहरा’ तपासला. कुत्र्याने खरंच आगळीक केली होती की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंध दिसला नाही. मालक रागावला की चेहरा तसा व्हायचा, निरपराध कुत्र्याचासुद्धा. दुपारच्या भुंकण्याची शिक्षा संध्याकाळी मिळाली तर कुत्रा एवढंच शिकतो, की मालकाचं घरी येणंही धोक्याचं आहे. धास्ती दुप्पट होते आणि दुसऱ्या दिवशीचं भुंकणंही.

भुंकल्यावर तोंडावर वास फवारणारे किंवा विजेचा झटका देणारे पट्टे हे त्याच चुकीचं यांत्रिक रूप आहे. सिट्रोनेला हे उग्र वासाचं गवती तेल फवारणाऱ्या पट्ट्यावर संशोधिका डेबोरा वेल्स यांनी २००१ साली काम केलं. सुरुवातीला भुंकणं कमी झालं, पण दिवस जातील तसा कुत्र्यांना पट्ट्याची सवय होत गेली. झटक्याच्या पट्ट्यांवर ब्रिटनमधल्या वेल्स या देशाने २०१० सालीच बंदी घातली, ती मला योग्य वाटते. भिंतीपलीकडून चालवायची श्राव्यातीत उपकरणंही विकली जातात. कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपल्याला २०,००० पर्यंत, त्यामुळे कल्पना हुशारीची वाटते. पण इतक्या वरच्या कंपनसंख्येचा आवाज हवेत लवकर विरतो आणि भिंत किंवा काच त्याला सहज अडवते. आणि तो पोचलाच, तर आधीच घाबरलेल्या प्राण्यावर आणखी एक न कळणारा मारा होतो.

खरा उपाय संथ आहे. शेजारीणबाई आधी नुसत्या किल्ल्या हातात घेऊन पुन्हा खाली बसायच्या. मग दार उघडून लावायच्या. मग पाच सेकंद बाहेर, मग वीस, मग एक मिनिट. कुत्रा अस्वस्थ होण्याच्या आत परत यायचं, हा त्यातला कळीचा नियम. धास्ती जागी होण्याइतका वेळ ओलांडला, की पुन्हा दोन पायऱ्या मागे. तोपर्यंत दुपारी कुणीतरी त्याच्याजवळ थांबेल अशी सोय करावी लागते, कारण रोज चार तास एकटं सोडून संध्याकाळी पाच सेकंदांचा सराव करणं म्हणजे फुटक्या घड्यात पाणी भरणं. या काळात तीन दुपारी तो माझ्या घरी असायचा, माझ्या पायाशी झोपून. धास्ती तीव्र असेल तर औषधंही आहेत. कुत्र्यांच्या याच त्रासासाठी अमेरिकेत १९९८ साली क्लोमिप्रामिनला आणि २००७ साली फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली. ती पशुवैद्याच्या सल्ल्याने आणि सरावाच्या जोडीनेच द्यायची असतात.

या सगळ्याला महिने लागतात, आणि तोवर आपल्यालाही झोपायचं असतं. खिडकीच्या चौकटीतल्या फटी रबरी पट्टीने बुजवल्या तर अपेक्षेपेक्षा बराच फरक पडतो, कारण आवाजाला बारीकशी फटही पुरते. पंख्यासारखा एकसारखा आवाज खोलीत चालू ठेवला, की शांततेतून एकदम उसळणाऱ्या भुंकण्याची धार बोथट होते. नीट बसवलेले फोमचे कानबोळेही वीसेक डेसिबल सहज कापतात.

आमच्या शेजारी सरावाचा चौथा महिना चालू आहे. कालपर्यंतची मजल पन्नास मिनिटं. दारावरची घंटा वाजली की तो अजूनही भुंकतो, खालच्या पट्टीत, भराभर, चार-पाच वेळा. तेवढं मी वहीत लिहीत नाही.