सेक्टर १०, पण कुठला?

नेरुळला राहायला आलो त्याच महिन्यात माझं एक पार्सल वाशीला जाऊन बसलं. सेक्टर १० नेरुळात आहे, वाशीत आहे, ऐरोलीत आणि खारघरमध्येही आहे. नोड (म्हणजे नेरुळ, वाशीसारखं उपनगर), सेक्टर, प्लॉट तिन्ही जुळले तरच नवी मुंबईत घर सापडतं. ब्राउझरही पत्ता असाच तपासतो, फक्त कुरियरवाल्यापेक्षा कितीतरी काटेकोरपणे.

समजा एका टॅबमध्ये बँक उघडी आहे आणि शेजारी फुकटात मालिका दाखवणारी कुठलीशी साइट. त्या साइटच्या जावास्क्रिप्टला, म्हणजे पानात चालणाऱ्या कोडला, बँकेच्या पानावरची शिल्लक वाचता येत नाही. प्रोटोकॉल (पत्त्याच्या सुरुवातीचं 'एचटीटीपी' किंवा 'एचटीटीपीएस'), होस्टचं म्हणजे साइटचं नाव आणि पोर्ट (सर्व्हरचा दार क्रमांक) हे तिन्ही सारखे असतील तरच ब्राउझर दोन पानांना एका घरातली मानतो. एकाच साइटची 'एचटीटीपी' आणि 'एचटीटीपीएस' पानंसुद्धा त्याच्या लेखी परकी. या नियमाचं नाव सेम-ओरिजिन पॉलिसी. १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीने जावास्क्रिप्ट आणली आणि तिच्या पाठोपाठ हा नियम आला.

शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग काळजीच मिटली की रे!"

मिटली नाही. कारण नियमाची बंदी मुख्यतः उत्तर वाचण्यावर आहे, विनंती पाठवण्यावर नाही. मालिकेचं पान बँकेकडे गुपचूप एखादा फॉर्म धाडू शकतं, आणि पूर्वी ब्राउझर इमानदारीने त्याला तुमच्या लॉगिनची कुकी, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, जोडून द्यायचा. फॉर्ममध्ये 'पैसे पाठवा' असेल, तर चोराला उत्तर वाचायची गरजच काय? यावर बँका फॉर्ममध्ये एक गुप्त टोकन घालतात. परक्या पानाला ते ठाऊक नसतं. ब्राउझरने मात्र स्वतःची सवय बदलायला बराच वेळ घेतला. बाहेरून आलेल्या अशा फॉर्मला कुकी न जोडणं क्रोमने, साइटने वेगळं काही सांगितलं नसलं तरी, लागू करायला घेतलं ते २०२० च्या फेब्रुवारीत. त्यातही कोविडच्या धामधुमीत गरजेच्या साइट बंद पडू नयेत म्हणून एप्रिलमध्ये माघार घेतली आणि जुलैत पुन्हा सुरुवात केली.

चोर घरातच शिरला तर पत्ता तपासून उपयोग नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकर नावाच्या तरुणाने मायस्पेस या सोशल नेटवर्किंग साइटवरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये थोडा कोड लपवला. बघणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये तो आपोआप उतरायचा, आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त जणांकडून सॅमीला मैत्रीची विनंती गेली. कोड मायस्पेसच्याच पत्त्यावरून चालत होता, मग ब्राउझर हरकत कशाला घेईल? आता साइट स्वतःच ब्राउझरला यादी देऊ शकते, की अमुक ठिकाणचीच स्क्रिप्ट चालव, बाकीच्या नको. तिला कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी म्हणतात.

काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि मोबाइल पुढे केला. केवायसीसाठी मेसेज आला होता, खाली लिंक. बँकेचं नाव बरोबर वाटत होतं, फक्त मधे एक अक्षर जास्तीचं होतं. ब्राउझरच्या हिशेबाने तो पत्ता अगदी चोख, फक्त बँकेचा नव्हता.