वेग ११० एमबी, तरी एक्सेल उघडेना

ठाण्याची वागळे इस्टेट असो की नवी मुंबईचं महापे, छोट्या ऑफिसात नवा फाईल सर्व्हर (सगळ्यांच्या फाईली ठेवणारा सामाईक संगणक) आला की त्याची परीक्षा ठरलेली असते. बसवायला आलेला इंजिनिअर लॅपटॉपमधली तीन-चार जीबीची एखादी फाईल शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतो, स्क्रीनवर सेकंदाला ११० एमबीचा हिरवा आलेख दिसतो, साहेब मान डोलावतात आणि बिलावर सही होते. मग सप्टेंबर उजाडतो. सीएच्या ऑफिसात टॅक्स ऑडिटची ३० तारीख डोक्यावर, वीस-पंचवीस आर्टिकल (सीएच्या हाताखालचे शिकाऊ) एकाच वेळी टॅलीचा डेटा आणि एक्सेलच्या फाईली उघडून बसलेले, आणि कोपऱ्यातून आवाज येतो, "सर्व्हर हँग झालाय काय रे?"

हँग वगैरे काही झालेलं नसतं. परीक्षेच्या दिवशी त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

तो ११० चा आकडा येतो कुठून ते बघा. गिगाबिट केबलमधून सेकंदाला १०० कोटी बिट जातात, म्हणजे १२५ एमबी. त्यातून डेटाच्या प्रत्येक पॅकेटवरचा, म्हणजे पुडक्यावरचा पत्ता आणि पोचपावत्या यांचा खर्च वजा केला की ११० ते ११७ उरतात. म्हणजे इंजिनिअरने सर्व्हर मोजलाच नाही, भिंतीतली केबल मोजली. केबल आणि त्या जोडणारा नेटवर्कचा डबा, म्हणजे स्विच, धड आहेत एवढं मात्र कळलं, आणि तेही थोडकं नाही. एखादी जुनी वायर १०० मेगाबिटवर अडकली असती, तर आकडा ११-१२ च्या पुढे सरकलाच नसता.

डिस्कचा हिशोब निराळा आहे. साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा फिरून येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते आणि वाचणारा दांडा योग्य पट्ट्यावर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. एकूण बारा-तेरा मिलिसेकंद. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे उचलायचे असतील, तर सेकंदाला जेमतेम ८०. प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरला तर झाले ३२० केबी. हीच डिस्क एक सलग मोठी फाईल वाचताना सेकंदाला १५० एमबीच्या वर जाते. एसएसडीत, म्हणजे चिपवाल्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसल्यामुळे हा अडथळा जातो, पण मग प्रोसेसर किंवा नेटवर्क दमायला लागतं.

त्यात रॅम, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणारी स्मृती, घोळ घालते. एकदा वाचलेली फाईल सर्व्हर रॅममध्ये ठेवून देतो. १६ जीबी रॅमच्या सर्व्हरवर ४ जीबीची फाईल दुसऱ्यांदा वाचली, तर डिस्कचा दिवा लुकलुकतही नाही. म्हणून डिस्क मोजायची तर चाचणीचा डेटा रॅमच्या निदान दुप्पट हवा. लिहिताना तर सर्व्हर सर्रास थाप मारतो. डेटा अजून रॅममध्येच असताना "लिहिलं" म्हणून मोकळा होतो, आणि तेवढ्यात वीज गेली की बोंबला. डिस्कवर खरोखर पोचल्याशिवाय होकार देऊ नकोस, असं बजावून चाचणी घेतली तर आकडा धाडकन पडतो. तो पडलेला आकडा खरा.

पण मुळात ऑफिसातली माणसं सर्व्हरला विचारतात काय? युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगात १९९३ साली एनएफएस (नेटवर्कवरून फाईली वाटायची तिथली पद्धत) सर्व्हरसाठी 'लॅडिस' नावाची चाचणी आली. तिच्यात कामांचं प्रमाण आधीच ठरवून दिलं होतं: वाचणं २२ टक्के, लिहिणं १५ टक्के. उलट "या नावाची फाईल कुठे आहे" ही विचारणा ३४ टक्के, आणि "तिचा आकार किती, शेवटची कधी बदलली" ही १३ टक्के. निम्म्याच्या आसपास काम नुसत्या चौकशीचं! हजारो व्हाउचरांच्या पीडीएफ असलेला फोल्डर उघडायला वेळ का लागतो, याचं उत्तर इथे आहे. त्यात डेटा फारसा हलतच नाही, प्रश्नोत्तरांच्या फेऱ्या मात्र असंख्य होतात.

विंडोजच्या बाजूला तेव्हा झिफ-डेव्हिस या प्रकाशन संस्थेची 'नेटबेंच' चाचणी चालायची. ती नीट चालवायला ६० ते १५० विंडोज पीसी असलेली प्रयोगशाळा लागे. अशी चैन जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्यांना परवडणारी. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी विंडोज पीसींना चालणारा, फुकट वाटला जाणारा साम्बा हा फाईल सर्व्हर प्रोग्राम लिहिला होता, आणि नेटबेंच ही त्यांच्या मते भिकार चाचणी होती. पण मासिकं तिच्याच आकड्यांवरून सर्व्हरला नावाजत किंवा नावं ठेवत. मग त्यांनी एक नामी युक्ती केली. नेटबेंच चालू असताना पीसी सर्व्हरला नेमकं काय काय सांगतो ते टिपून घेतलं. नव्वद हजारांवर हुकूम आणि जेमतेम ४ एमबीची मजकूर फाईल. 'डीबेंच' हा प्रोग्राम ती फाईल वाचून तेच हुकूम एकाच यंत्रावर, नेटवर्क टाळून थेट डिस्कवर, हव्या तितक्या खोट्या पीसींच्या नावाने सोडतो. त्याचा भाऊ 'टीबेंच' फक्त नेटवर्कचा भाग वाजवतो, डिस्कला हातही लावत नाही. दोघांचे आकडे शेजारी ठेवले की दोष डिस्कचा की तारेचा, हे उघड होतं. मला विचाराल तर या अख्ख्या विषयातली ही सर्वात सुंदर कल्पना आहे.

१९९९ साली याच नेटबेंचवरून मोठा तमाशा झाला. माइंडक्राफ्ट या कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या पैशाने चाचणी घेतली आणि विंडोज एनटी हा लिनक्स (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) आणि साम्बा या जोडीपेक्षा अडीच पट वेगवान फाईल सर्व्हर आहे, असं जाहीर केलं. लिनक्सवाले खवळले, लिनक्स नीट जुळवलेलंच नव्हतं, असा त्यांचा दावा. पुन्हा चाचणी झाली. अंतर कमी झालं, पण लिनक्स हरलंच. सर्व्हरमध्ये चार प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डं होती, आणि त्या काळच्या लिनक्सचा नेटवर्कचा भाग चारही प्रोसेसरांना नीट कामाला लावू शकत नव्हता. २.४ आवृत्तीत तो सुधारला. विकतच्या चाचणीने बाहेर काढलेला दोष खरा होता.

आता गर्दीकडे वळू. डॅनिश गणिती आग्नर एर्लांग यांनी टेलिफोनच्या कॉलचं गणित १९०९ साली मांडलं, तिथून रांगांचं शास्त्र सुरू झालं. त्याचा एक साधा निष्कर्ष असा: कामं कधीही, कशीही येत असतील आणि खिडकी एकच असेल, तर ती ५० टक्के गुंतलेली असताना एकूण वेळ मूळ कामाच्या दुप्पट होतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दहापट आणि ९५ ला वीसपट. डिस्कचे बारा मिलिसेकंद बघता बघता २४० होतात. २०२४ पर्यंत कारना टोल होता तेव्हाचा ऐरोली नाका आठवा. सकाळी नऊला शंभरेक गाड्या वाढल्या की रांग थोडी नव्हे, पार मागे जाई.

म्हणून चाचणी एका आकड्यावर थांबवू नये. एक, पाच, दहा, वीस, चाळीस असे वापरकर्ते चढवत न्यावेत आणि प्रतिसादाचा वेळ कुठे उसळी घेतो ते बघावं. सगळा भार एकाच लॅपटॉपवरून टाकलात, तर पुन्हा त्याचीच केबल मोजाल. ऑफिस सुटल्यावर, पण रात्रीचा बॅकअप सुरू व्हायच्या आत, तीन-चार टेबलांवरचे पीसी एकदम लावावेत. भार टाकून वेळ मोजायला 'एफआयओ' हा फुकट मिळणारा प्रोग्राम पुरतो. मिनिटभराची चाचणी फसवी असते. रॅम आणि एसएसडीचा आतला झटपट साठा भरेपर्यंत सगळं छान दिसतं, म्हणून निदान अर्धा तास चालू द्यावी. अँटिव्हायरस बंद करू नये, सोमवारी तो चालूच असणार आहे.

रिपोर्ट हातात आला की सरासरीवर समाधान मानू नये, ९९ वा पर्सेंटाइल मागावा, म्हणजे शंभरातल्या ९९ विनंत्या किती वेळाच्या आत उरकल्या तो आकडा. शंभर विनंत्यांपैकी ९९ झटक्यात झाल्या आणि एकच अडकली, तर सरासरी फारशी हलत नाही. पण एक फोल्डर उघडायला शंभर विनंत्या लागत असतील, तर त्यातली निदान एक अडकण्याची शक्यता ६३ टक्के आहे. म्हणजे दर तीन आर्टिकलांमागे जवळपास दोन जण माउस सोडून स्क्रीनकडे बघत बसणार, आणि सरासरी म्हणणार की सर्व्हर उत्तम चाललाय.