ॲलिस इन वंडरलँड सिंड्रोम: एका निदानाची पार्श्वभूमी

समोर बसलेला माणूस एकाएकी बाहुलीएवढा दिसू लागतो. भिंत लांब लांब सरकत जाते. कधी आपलेच डोके छताला टेकेल इतके फुगल्यासारखे वाटते. काही मिनिटांत सगळे पूर्ववत होते आणि डोळे तपासले तर त्यांत दोष सापडत नाही, कारण गडबड असते ती डोळ्यांनी पाठवलेल्या माहितीची जुळणी करणाऱ्या मेंदूत.

वस्तू लहान दिसणे म्हणजे मायक्रॉप्सिया, मोठ्या दिसणे म्हणजे मॅक्रॉप्सिया. दूर गेल्यासारख्या दिसल्या तर टेलिऑप्सिया, जवळ आल्यासारख्या दिसल्या तर पेलॉप्सिया. ही लक्षणे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वैद्यकीय लेखनात येत होती, पण सुटी सुटी.

1952 मध्ये अमेरिकेतील डॉक्टर कॅरो लिपमन यांनी अर्धशिशीच्या रुग्णांचे असे अनुभव प्रसिद्ध केले. चालताना आपण बुटके आणि रुंद झालो आहोत असे त्यांच्या एका रुग्ण स्त्रीला वाटे, आणि तिने त्या अवस्थेला ‘ॲलिस इन वंडरलँड’ लिहिणारे इंग्लिश लेखक लुईस कॅरल यांच्या ट्वीडलडम-ट्वीडलडी या गुबगुबीत जोडगोळीचे नाव दिले होते. कधी इवलीशी तर कधी प्रचंड होणाऱ्या ॲलिसच्या गोष्टीशी असलेले साम्य लिपमन यांनी तेव्हाच दाखवले होते. तीन वर्षांनी, 1955 मध्ये, इंग्लंडमधील मेन्स्टन येथील मानसोपचारतज्ज्ञ जॉन टॉड यांनी कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात लेख लिहून या लक्षणसमूहाला ॲलिसचे नाव दिले. त्यांचा मुख्य भर स्वतःच्या शरीराचा आकार बदलल्याच्या जाणिवेवर होता. आज मात्र बाहेरच्या वस्तूंचे आकार-अंतर बिघडणे हीच या आजाराची ओळख झाली आहे.

मग कॅरल यांना स्वतःला हा त्रास होता का? पुस्तक छापले गेले 1865 मध्ये. डोळ्यांपुढे तटबंदीसारख्या हलत्या आकृत्या आणि पाठोपाठ डोकेदुखी, अशी अर्धशिशीची ठसठशीत नोंद त्यांच्या रोजनिशीत सापडते ती 1885 मध्ये. ‘हा अनुभव दुसऱ्यांदा आला’ असे ते लिहितात. उजव्या डोळ्याच्या तक्रारीसाठी ते 1856 मध्येच नेत्रतज्ज्ञ विल्यम बोमन यांच्याकडे गेले होते, त्यावरून काही अभ्यासक अर्धशिशीचा धागा पुस्तकाच्या आधीपर्यंत नेतात. मला तो पुरेसा भक्कम वाटत नाही. ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणाऱ्या माणसाला लहान-मोठ्याचा खेळ सुचायला आजारच हवा असे नाही, आणि गोष्ट अर्धशिशीतूनच जन्मली असे छातीठोकपणे सांगणाऱ्या लेखांवर विश्वास ठेवू नये.

यापुढचा महत्त्वाचा टप्पा मुलांचा. एपस्टाईन-बार विषाणूमुळे होणाऱ्या मोनोन्यूक्लिओसिस या तापाच्या आजारात मुलांना पहिले लक्षण म्हणून हीच विकृती दिसू शकते, हे 1977 मध्ये कॉपरमन यांनी दाखवून दिले. मोठ्यांमध्ये अर्धशिशी आणि लहानांमध्ये विषाणूसंसर्ग ही विभागणी पुढील अनेक नोंदींत कायम राहिली. अपस्मार, मेंदूला झालेली इजा आणि अर्धशिशी-अपस्मारावर दिले जाणारे टोपिरामेट यांसारखी औषधे हीदेखील कारणे नोंदली गेली आहेत.

हा भास नव्हे, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवे. भासात नसलेली वस्तू दिसते. इथे वस्तू असते, तिचे माप चुकते. ‘आई, तू इतकी लांब का गेलीस?’ असे मूल विचारते तेव्हा ते गोष्ट रचत नसते. रागावून गप्प केले, की पुढच्या वेळी ते सांगतच नाही, आणि निदान लांबते.

2016 मध्ये डच मानसोपचारतज्ज्ञ यान डर्क ब्लोम यांनी तोवरचे वैद्यकीय साहित्य तपासले, तेव्हा टॉड यांच्यापासूनच्या साठ वर्षांत सविस्तर वर्णन झालेले रुग्ण भरले अवघे 169. क्षणिक स्वरूपात हा अनुभव बऱ्याच निरोगी माणसांनाही येतो, मात्र ते दवाखान्यापर्यंत पोहोचत नाहीत. डीएसएम-५ (मानसिक आजारांचे) किंवा आयसीडी-१० (सर्व आजारांचे) या वर्गीकरणांत या आजाराला स्वतंत्र जागा मिळालेली नाही, त्यामुळे सर्वमान्य निकषही नाहीत. डॉक्टर आधी मूळ कारण शोधतात, गरजेनुसार ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची नोंद) किंवा एमआरआय करून घेतात आणि उपचार त्या कारणावर करतात. संसर्गानंतर आलेला त्रास मुलांमध्ये बहुधा आपोआप ओसरतो. अर्धशिशी किंवा अपस्मारात तो पुन्हा उद्भवू शकतो.