व्हेरी : एका इंग्रजी क्रियाविशेषणाचे मूळ

‘फार’, ‘अतिशय’ या अर्थाचे इंग्रजी क्रियाविशेषण. इंग्रजीत आला तेव्हा मात्र हा शब्द कमी-जास्त सांगत नव्हता. ‘व्हेरी’ म्हणजे खरा, अस्सल.

फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले आणि दरबारात, न्यायनिवाड्यात फ्रेंचचा वरचष्मा झाला. जुन्या फ्रेंचमधला ‘वेराय’ १३व्या शतकात इंग्रजीत रुळला तो या संपर्कातून. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘वेरुस’, म्हणजे खरा. आजच्या फ्रेंचमधला ‘व्रे’ हा त्याचा सख्खा भाऊ आणि त्याने घरचा अर्थ सोडलेला नाही. जर्मन ‘वार’ व वेल्श ‘ग्विर’ यांचाही अर्थ ‘खरा’च, तर रशियन ‘व्येरा’ म्हणजे श्रद्धा. या सगळ्यांचे इंडो-युरोपीय मूळ एक.

‘खरा’चे ‘फार’ कसे झाले, हा यातला सर्वांत सुंदर भाग. १४व्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसर आपल्या काव्यातल्या सरदाराला ‘व्हेरी’, परिपूर्ण आणि कुलीन म्हणतो. इथे ‘व्हेरी’ सरदाराचे विशेषण, की ‘परिपूर्ण’ला जोर देणारा शब्द? मराठीत असा घोटाळा सहसा होत नाही. ‘खरा शूर सरदार’ आणि ‘खरोखर शूर सरदार’ यांतला फरक शब्दाच्या रूपावरूनच कळतो. इंग्रजीतले विशेषणांचे प्रत्यय तेव्हा झिजत चालले होते. त्यामुळे नामाचे विशेषण असलेला हा शब्द शेजारच्या विशेषणाला चिकटला आणि ‘खरा’चा हळूहळू ‘खरोखर’ व पुढे ‘फार’ झाला.

या जागी आधी ‘स्वीदे’ हा जुन्या इंग्रजीतला शब्द होता, ‘बळकट’ या अर्थाच्या विशेषणापासून आलेला. तो मागे पडला. जोर देणारे शब्द वापरून वापरून बोथट होतात आणि भाषा नवे शोधते. जर्मन ‘झेर’ म्हणजे फार, पण मुळात ‘वेदना होईल असे’. इंग्रजीतला दुखऱ्या जागेसाठीचा ‘सोर’ त्याच्याच कुळातला. आपला ‘खूप’ही फारसी ‘खूब’चा, म्हणजे ‘चांगला’ या अर्थाच्या शब्दाचा वारस आहे.

‘व्हेरी’चा जुना अर्थ पुरता गेलेला नाही. ‘द व्हेरी मॅन’ म्हणजे ‘तोच माणूस’. मराठीत हे काम एकटा ‘च’ करतो. कोर्टातला ‘व्हर्डिक्ट’ही याच घरचा. त्याचा शब्दशः अर्थ, खरे बोललेले.